आत्याने मिटू न दिलेलं जनावर

माझ्या आत्याच्या कपड्यांना बारा महिने मेंथॉलचा वास येतो. आमच्या घरात कुणाला सर्दी झाली की तो औषधाच्या दुकानात जात नाही, आत्याशेजारी जाऊन बसतो. हा वास तिच्या नोकरीचा. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ती एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर आहे. परिचर म्हणजे बरण्या धुणारी आणि दिवे बंद करणारी बाई, अशी हजेरीपटाची समजूत आहे. समुद्रफूल झोपवावं तर तिनेच, ही बाकी सगळ्यांची.

समुद्रफूल हे फूल नव्हे, जनावर. हे वाक्य आत्या नातेवाइकांच्या प्रत्येक मेळाव्यात एकदा तरी म्हणतेच. खडकाला पाय चिकटवून बसायचं, तोंडाभोवतीची बोटं पाण्यात पसरायची आणि जवळून जाईल त्याला डंख मारून गिळायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. तोंड एकच. जेवण त्याच दारातून आत आणि खरकटंही त्याच दारातून बाहेर. मेंदू नाहीच. "तरी सगळं कसं सुरळीत चाललेलं असतं," असं ती आतोबांकडे बघत म्हणते, आणि आतोबा वर्तमानपत्र जरा वर धरतात.

त्याचा गोतावळाही मोठा आहे. जेलीफिश, हायड्रा, प्रवाळ ही सगळी एकाच खानदानातली. डंखाची पेशी हे त्यांचं आडनाव समजा. प्रवाळाने दगडी घरं बांधायचा धंदा काढला, जेलीफिश उंडारायला निघाली, समुद्रफूल घरी बसलं. आत्याच्या मते तिन्ही प्रकार आमच्याही कुटुंबात आहेत. माझी गणना तिने कशात केली आहे, हे मी अजून विचारलेलं नाही.

तर, झोपवण्याबद्दल. या जनावराला धक्का लागला की ते बोटं आत ओढून घट्ट गोळा होतं. तशाच अवस्थेत फॉर्मालिनमध्ये टाकलं, तर कायमचा गोळाच राहतो, पाण्यात विसरलेल्या बटाट्यासारखा. मग बोटं किती, कशा रांगांत, पाय आहे की नाही, काही म्हणता काही कळत नाही. जात ओळखायची तर ते उमललेलंच हवं. म्हणून पाण्यावर मेंथॉलचे खडे भुरभुरायचे आणि वाट बघायची. तास दोन तास नव्हे, आख्खा दिवस. अधूनमधून काडीला बांधलेल्या एका केसाने बोटाला हलकेच स्पर्श करायचा. बोट आक्रसलं, तर अजून जाग आहे. केस आत्या स्वतःच्याच डोक्यातला घेते. "शास्त्रासाठी तुझी आत्या टक्कल करून घेणार आहे," असं आतोबा म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी बंदराजवळच्या चिखलात कोळ्यांच्या जाळ्यात सहा जनावरं आली. विभागप्रमुख सरांनी ती पाहिली आणि त्यांचे डोळे लकाकले. हे आजवर कुणी न नोंदलेलं समुद्रफूल आहे, असं त्यांनी ठरवलं आणि या विषयातल्या एका वयोवृद्ध तज्ज्ञांना पत्र धाडलं. मग आत्या रजेवर असताना स्वतःच पाच जनावरं फॉर्मालिनमध्ये टाकली. पाच बटाटे झाले. सहावं टाकीत उरलं. चिखलाची ती जागा तोवर गाळ काढणाऱ्या यंत्राने उपसून नेली होती, त्यामुळे सातवं मिळायची आशा नव्हती. आणि उरलेलं दिवसेंदिवस मलूल होत चाललं होतं.

आत्या रजेवरून आली, टाकीपाशी पंधरा मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे काचेला चिकटत नाही. वाळूत रुतून बसतं आणि अंगाभोवती बुळबुळीत नळी विणतं. मला हे समुद्रफूल वाटत नाही. चुलत घराण्यातलं असेल."

"बाई, तुम्ही नमुने सांभाळा," सर हसून म्हणाले. "घराणी आम्ही बघतो."

आत्या टाकीतलं पाणी बदलायला लागली. पण त्या दिवशी घरी भांडी जरा जोरात घासली गेली.

तज्ज्ञ यायचे त्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिने जनावराला नळीतून अलगद सोडवलं, काचेच्या भांड्यात ठेवलं, खडे भुरभुरले आणि प्रयोगशाळेला आतून कडी घातली. पाहुणे चारला येणार होते आणि रात्रीच्या गाडीने परत जाणार होते. जनावर उमललेलं राहिलं तर आत्याचं म्हणणं खरं की सरांचं, हे कळणार होतं. मिटलं तर कधीच कळणार नव्हतं.

मी बँकेतून रजा घेऊन घरी लोळत होतो. आतोबांनी मला डबा देऊन पिटाळलं. दुपारी दोनला पोचलो तर बंद दारासमोर सर येरझारा घालत होते.

"बाई, झालं का?"

"नाही सर."

"किती वेळ?"

"ते त्याला विचारावं लागेल."

"हे बघा, आता टाका फॉर्मालिन. पाच तास झाले."

"बोट अजून हलतंय, सर."

"माझ्याच प्रयोगशाळेबाहेर मला उभं करता? मेमो देईन मी."

"द्या. फक्त दाराखालून सरकवा, आवाज न करता."

मी डबा खिडकीतून दाखवला. तिने मान हलवली, म्हणजे नको. मग तो डबा सरांनी आणि मी मिळून खाल्ला. रागावलेल्या माणसाला भूक फार लागते, हे मला त्या दिवशी समजलं.

चारला पाहुणे आले. काठी टेकत, कानाला यंत्र लावलेले, किडकिडीत गृहस्थ. सरांनी माफी मागायला सुरुवात केली, ती त्यांनी हातानेच थांबवली.

"आत कोण आहे?"

"आमच्या परिचर. जरा हट्टी आहेत."

"खडे कधी टाकले?"

"नऊला."

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, कॉरिडॉरमधलं स्टूल ओढलं आणि बसले. "मग त्यांनी सहाच्या आत दार उघडलं, तर मी रागावेन. तुम्हीही बसा. तुमच्या बुटांचा आवाज होतोय."

सर बसले. विभागात आलेल्या माणसांनी पाहिलं की प्रमुख, तज्ज्ञ आणि एक बँक कारकून असे तिघे दाराबाहेर रांगेत बसले आहेत, आणि कुणीच बोलत नाही.

सहाला दहा मिनिटं असताना कडी निघाली. आत्याचे डोळे लाल झाले होते. टेबलावर भांडं होतं, आणि भांड्यात ते जनावर फॉर्मालिनमध्येसुद्धा असं पसरलं होतं की आता हात पुढे करील. एकही बोट मुडपलेलं नव्हतं. तोंडाशी आखूड बोटांची एक रांग, बाहेरच्या काठाला लांब बोटांची दुसरी. खाली पाय नव्हताच, नुसतं गोलसर टोक.

पाहुण्यांनी भिंग लावलं. बराच वेळ गेला.

"दोन रांगा, पाय नाही. हे समुद्रफूल नव्हे," ते सरांना म्हणाले. "नळीवाल्यांपैकी आहे, वेगळं घराणं. नवीन आहे का ते तपासावं लागेल. पण चाळीस वर्षांत इतका स्वच्छ उमललेला नळीवाला मी बरणीत पाहिला नाही."

सरांचा चेहरा पडला. पण माणूस मुळात खोटा नव्हे. घसा खाकरून ते म्हणाले, "बाईंनी मला आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

बरणीत घालायची चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहितात, शाई विरघळते. पाहुण्यांनी घराणं लिहिलं, तारीख लिहिली. 'जतन' या शब्दापुढे अठ्ठावीस वर्षं विभागप्रमुखांचं नाव पडत आलं होतं. तिथे थांबून पाहुण्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी पेन्सिल घेतली आणि आत्यापुढे धरली.

आत्याने पूर्ण नाव लिहिलं. लग्नाआधीचं, वडिलांच्या नावासकट, अगदी शाळेत शिकवलेल्या वळणात. पुढे ती बरणी रीतीप्रमाणे स्पिरिटमध्ये भरली गेली. आमच्या आजोबांनी उभ्या जन्मात दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता. आता त्यांचं नाव कायमचं तिच्यात बुडून आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही हे मोठ्या अभिमानाने सांगतो.