दोनशे डब्यांचा साडू

माझा साडू मला कधीच आवडला नाही, आणि त्याचं कारण सांगायला मी लाजत नाही. तो माझ्यापेक्षा चांगला ड्रायव्हर होता. खाणीतलं लोखंडाचं खनिज बंदरावर नेणाऱ्या मालगाड्या आम्ही दोघंही चालवायचो. मी सव्वीस वर्षं, तो अकरा. पण माझ्याच घरात कौतुक कोणाचं? बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं! त्याने भिंतीत खिळा ठोकला तरी आमच्याकडे त्याची बातमी व्हायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

माणूस तसा गबाळा. डबा घरी विसरायचा, दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून यायचा. पण इंजिनात बसला की दोनशे डब्यांत कुठे हिसका म्हणून बसायचा नाही. एवढी लांब गाडी अर्धी चढावर असते, अर्धी उतारावर. ती सांभाळणं खायचं काम नाही.

त्या वर्षी नव्या ड्रायव्हरांना शिकवायला प्रशिक्षक नेमायचा होता. जागा एक आणि नावं दोन, त्याचं आणि माझं.

आमच्यात एक रीत होती. मधल्या स्टेशनावर गाडी दुसऱ्याच्या हाती देताना तिची खोड सांगूनच खाली उतरायचं. कागदावर काही नाही, सगळं तोंडी. त्या दुपारी गाडी मी आणली होती, पुढे तो नेणार होता. शेवटच्या डब्यांचे ब्रेक सुटायला फार वेळ घेत होते. ते सुटायच्या आत पुढून जोर लावला, तर डबे जोडणारं कपलिंग तुटणार हे उघड होतं.

"काय साडूबुवा, काही खोड?" त्याने हसत विचारलं.

"छे, गुणाची आहे," म्हणून मी उतरलो.

तासाभरात चढावर गाडीचे दोन तुकडे झाले. मागचे डबे ब्रेक लागून जागीच थांबले. कुणाला खरचटलंही नाही, पण लाइन नऊ तास बंद पडली.

चौकशीत साहेबांनी त्याला विचारलं, "तुला खोड सांगितली नव्हती?"

मी शेजारीच उभा राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

"सांगितली होती, साहेब. माझ्याच डोक्यातून गेली."

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. "खोटं का बोललास?"

"नाही म्हणालो असतो तर? एवढे जुने ड्रायव्हर तुम्ही. तुम्हाला कळलंच नव्हतं, हे कोणाला पटलं असतं? ताईला काय तोंड दाखवलं असतं तुम्ही?" एवढं बोलून तो नळावर पाणी प्यायला गेला.

प्रशिक्षकाची जागा मला मिळाली. त्याला यार्डात रिकामे डबे ढकलायला टाकलं.

संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, "सांगूनही विसरायचं म्हणजे काय! तुमच्या हातून असं कधी झालं नसतं हो."

हे ऐकायला मी अकरा वर्षं झुरलो होतो. मान खाली घालून जेवत राहिलो. त्याचा इतका हेवा मला त्याआधी कधीच वाटला नव्हता.