पेटीतल्या वहीचं शेवटचं पान

निरोप आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये सातवीचे चाचणीचे पेपर तपासत होते. आम्हा शिक्षकांच्या ग्रुपवर भालेराव सरांच्या मुलीने, सुजाताने, एकच ओळ टाकली होती, ‘बाबा सकाळी गेले.’ मी मान वर केली ती थेट समोरच्या कपाटाकडे. सरांची निळी पत्र्याची पेटी पूर्वी एकदा त्या कपाटावर मी महिनाभर न उघडता तशीच ठेवली होती... सरांना जाऊन आता सहा आठवडे झाले. कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही.

सर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. घर घाटकोपरला, पंतनगरात, दोन खोल्यांचं. लहानपणी विहारात आलेल्या एका जपानी भिक्खूंनी कुंचल्याने त्यांचं नाव लिहून दिलं, तिथून चीन-जपानचं वेड लागलं. स्वतः कधी तिकडे गेले नाहीत, पासपोर्टसुद्धा काढला नव्हता. पण चिडायचे. “पुस्तकात चीन-जपान अर्ध्या पानात उरकतात, बाई. मग पोरांच्या डोक्यात काय राहतं? कोपऱ्यावरची चायनीजची गाडी!” ते अर्धं पान कसं शिकवायचं, हे सांगायला दर शनिवारी दुपारी उपनगरातल्या आम्हा दहाबारा शिक्षकांना घरी बसवायचे. पेटीत शाईची कांडी, ती उगाळायचा दगड, कुंचले, चहाचा वाडगा, एका कोरियन मुलीचा झगा. कुणी बोटीवरच्या नोकरीतून आणून दिलेलं, कुणी विहारात ठेवून गेलेलं. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत ही पेटी शाळाशाळांत फिरायची. काही फुटलं तर, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, “फुटू दे ना. कपाटात राहिली, तर मात्र वाट लागली म्हणायची.”

नियम एकच होता. पेटी परत करताना आतल्या वहीत एक प्रश्न लिहायचा. मुलाने विचारलेला, आणि बाईंना उत्तर न आलेला. सर उत्तर शोधायचे आणि त्याच पानावर खाली लिहायचे.

पेटी माझ्याकडे आली तेव्हा पोर्शन मागे पडला होता आणि शाळेची तपासणी तोंडावर होती. आज उघडू, उद्या उघडू करता करता महिना गेला. परत करायच्या शनिवारी मुलुंडहून निघाले, रिक्षात पेटी मांडीवर घेऊन वही काढली. लाज वाटली, पण कोरं पान दाखवायची त्याहून जास्त वाटली. म्हणून मनानेच रचून लिहिलं, ‘एका मुलाने विचारलं, शाई उगाळताना तिथली मुलं एकमेकांशी काय बोलायची?’

सरांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मग चष्मा काढून पुसत राहिले. “इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नाही. त्या पोराला माझा जय भीम सांगा, बाई.”

“सांगते,” मी म्हणाले आणि समोरचा चहा प्याले.

नंतर त्यांचं दुखणं निघालं. तरी फोन यायचे. अमक्या प्राध्यापकांना पत्र टाकलंय, तमक्या भन्तेजींना विचारलंय, त्याला जरा धीर धरायला सांगा. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगून टाकावं. प्रत्येक वेळी मी “हो सर” म्हटलं. हॉस्पिटलात शेवटचं भेटले तेव्हा त्यांना धाप लागत होती. माझा हात धरून म्हणाले, “तेवढं राहिलंच हो...” तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. मी भित्री आहे, दुसरं काय!

गेल्या आठवड्यात सुजाता पेटी घेऊन शाळेत आली. “बाबा म्हणाले होते, मुलुंडच्या बाईंकडेच दे. त्यांच्या वर्गात पोरं विचार करतात.” ती गेल्यावर मी वही उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर, माझ्या प्रश्नाखाली, अक्षर पार वाकडंतिकडं झालेलं : ‘पुष्कळ शोधलं. सापडलं नाही. मुलाला खोटं उत्तर देऊ नये. त्याला शाई उगाळायला बसवा आणि तो काय बोलतो ते ऐका. तेच इथे लिहा. मुलाचं नाव...’ पुढे जागा सोडली होती.

पेटी आता वर्गात माझ्या टेबलावर उघडीच असते. चंदन उगाळावं तशी पोरं पाळीपाळीने शाई उगाळतात, आणि मॅचबद्दल, क्लासच्या सरांबद्दल, एकमेकांच्या डब्यांबद्दल बोलतात. मी शेजारी वही उघडून बसते. माझ्या हजेरीत बेचाळीस नावं आहेत. त्यातलं एकही मला त्या जागेत लिहिता येत नाही.