मास्तरांचा डावा पाय

गाडी शिकायला किती दिवस लागतात, असं मला कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, "शेजारी कोण बसणार हाय?" समोरच्याला काही उमजत नाही. मग मला जोतीराम मास्तरांचं सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि सांगता सांगता माझा आवाज चढतो. चढू दे की. आमच्या कळंब्यातल्या गल्लीला आता सवय झाली आहे.

जोतीराम मास्तर म्हणजे मोठा गुणी माणूस, हे मी आजही नाकारत नाही. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. तरुणपणी पेठेतल्या तालमीत कुस्ती करायचे, त्यामुळे कान मोडलेले, मान जाड. पहाटे गंगावेशीत दुधाचा पेला रिकामा करून सातच्या ठोक्याला पांढरी, जुनी अल्टो दारात उभी. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, मांडीवर पंचा. शिकणाऱ्यानं चाक गटारात घातलं तरी आवाज वाढवायचे नाहीत. "काय हरकत न्हाय, रस्ता आपलाच हाय," एवढंच म्हणायचे. बाई असो की बुवा, त्यांच्या शेजारी बसलं की भीती जायची. त्या माणसानं माझा केसानं गळा कापला, म्हणून तर एवढं लागलं.

माझं असं होतं. मी आणि माझी सासू, आक्का, आम्ही दोघी मिळून शिरगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात साठ डबे द्यायचो. टेंपोवाला न्यायचा. आज त्याचा टायर पंक्चर, उद्या त्याची सासू आजारी. एका मंगळवारी डबे दीड वाजता पोचले, तेही निम्मा रस्सा टोपलीत सांडून. कारखान्याच्या मॅनेजरनं फोन केला. "ताई, तुमच्या रश्श्याला तोड न्हाय, पण माणसं उपाशी बसत्यात. एक तारखेपासून स्वतःची गाडी आणि स्वतः चालवणार असला तर सांगा. न्हाय तर मी दुसरं बघतो." माझ्या हातात पंचेचाळीस दिवस होते.

गाडी दारातच होती. आमच्या विजयसिंहांची, माझ्या नवऱ्याची, ओम्नी. ते लक्ष्मीपुरीतल्या दुकानात मोटरसायकलवर जायचे आणि ओम्नी आपली कव्हर घालून उभी असायची. मी घाबरत घाबरत विषय काढला. वाटलं होतं, घरात रामायण होणार. तर हे म्हणाले, "शिक की! त्यात काय? आपला जोत्या हाय की शिकवायला."

मास्तर आणि हे एकाच तालमीतले. एकाच मातीत लोळलेले. यांनी स्वतः जाऊन माझं नाव घातलं. येताना पेढे आणले, गल्लीत वाटले, स्टिअरिंगला हात लावलेला माझा फोटो मोबाइलवर सगळ्यांना पाठवला. आक्कांनी माझी दृष्ट काढली. माझ्या माहेरी, गडमुडशिंगीला, आई शेजारणीला म्हणाली म्हणे, आमच्या प्रियदर्शनीनं नशीब काढलं, असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. मलाही तसंच वाटत होतं. खोटं कशाला सांगू?

पहिले आठ दिवस तर मी हवेतच होते. गाडी लोण्यासारखी चालायची. क्लचवर पाय ठेवला की तो आपोआप खाली जायचा.

"मास्तर, किती हलका हो हा क्लच!"

"तुमचा पाय बसला, वैनी," मास्तर म्हणायचे आणि मांडीवरचा पंचा नीट करायचे.

माझ्या बॅचला अंतरा नावाची कॉलेजची पोरगी होती. अर्धा तास मी चालवायची आणि ती मागं बसायची, मग ती पुढं आणि मी मागं. तिच्या हातात गाडी आली की नुसते धक्के. उचकी लागल्यासारखी उडायची आणि बंद पडायची. रंकाळ्यावर मागचे लोक हॉर्न मारून जीव खायचे. पोरगी रडकुंडीला यायची. मी मागं बसून तिला धीर द्यायचे, पण आतून सुखावायचे, देव मला माफ करो. तिच्या वेळी मास्तर डावा पाय आखडून सीटखाली घ्यायचे आणि हाताची घडी घालून बसायचे. ते मी रोज बघत होते. रोज! पण डोक्यात प्रकाश पडला तर शपथ.

अठरा दिवसांत अंतरा शिकली आणि गेली सुद्धा.

मी विसाव्या दिवशी मोठ्या ऐटीत आमची ओम्नी काढली. म्हटलं, अंगणातून फाटकापर्यंत नेऊन आक्कांना दाखवावी. आई शप्पथ, क्लच दगडासारखा! जोर लावून दाबला, सोडला, गाडीनं एक गचका दिला आणि गप्प. पुन्हा चावी, पुन्हा गचका. अकरा वेळा. हे पायरीवर चहा घेऊन उभे होते. जवळ आले, पाठीवर हात ठेवला.

"घे की अजून आठ दिवस. कशाला घाई?"

मास्तरांना सांगितलं, तर तेही तेच. "परत्येक गाडीचा क्लच येगळा असतोय, वैनी. अजून आठ दिवस घ्या."

आठ झाले. मग अजून आठ. सकाळी सात वाजता मास्तरांच्या गाडीत मी राणी, आणि साडेआठला आमच्या अंगणात ठार अडाणी. मला वाटायला लागलं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. पाटावर डावा पाय ठेवून मी चपात्या लाटता लाटता क्लच दाबायची सवय करायची. "पायाला मुंग्या आल्यात का गं?" म्हणून आक्का विचारायच्या. वाडीला जाऊन दत्ताला गाऱ्हाणं घालून आले. देवा, एवढीशी पोरगी शिकली, मलाच का येत नाही? वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी स्वतःला मठ्ठ म्हणायला लागले. आधी मनात, मग मोठ्यानं, मग चारचौघांत हसून.

चव्वेचाळिसाव्या दिवशी मी मॅनेजरला फोन केला. "न्हाय जमलं, दादा." ते "बरं, ताई" म्हणाले. संपलं. आक्कांनी आणि मी साठ डबे घासून माळ्यावर पालथे घातले. संध्याकाळी हे आइस्क्रीम घेऊन आले. मला स्वतः चमच्यानं भरवलं. म्हणाले, "जाऊ दे गं. प्रत्येकाला सगळं जमतंच असं न्हाय." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्या रडण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

क्लासचे चार दिवस उरले होते. जाऊ नये असंच वाटत होतं, पण आक्कांनी धाडलं. त्या सोमवारी तालमीतल्या एका पोरानं गाडी दारात आणून लावली आणि मास्तर लंगडत उतरले. आदल्या दिवशी तालमीसमोर कुणाची तरी बुलेट त्यांच्या डाव्या पायावर पडली होती. घोट्यापर्यंत प्लास्टर.

"आज सुट्टी घेऊ, वैनी."

"चालवायची मला हाय, मास्तर. तुम्ही नुसतं बसा."

त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. बसले.

चावी फिरवली. क्लच दगड! तीच गाडी, तोच क्लच, आणि दगड. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत जायला सहा वेळा बंद पडली. साने गुरुजी वसाहतीच्या कोपऱ्यावर तर भर रस्त्यात मेली. मागं केएमटीची बस कोकलायला लागली. एक रिक्षावाला डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ पावणं, ढकलू का?" मला दरदरून घाम फुटला. काय झालं, काय बिघडलं म्हणून मी खाली बघितलं, आणि माझी नजर पलीकडं गेली. पंचा घसरला होता. मास्तरांचा प्लास्टरचा पाय बाजूला आडवा पडला होता, आणि त्याच्या पुढं त्यांच्या बाजूचा क्लच. शिकवायच्या गाडीला दोन्ही बाजूंना क्लच आणि ब्रेक असतात, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी दाबला की माझ्या बाजूचाही खाली जातो, हेही त्यांनीच सांगितलं होतं. अडीनडीला लागतो, म्हणाले होते.

मी गाडी तशीच ठेवली. बस कोकलू दे.

"मास्तर, पाय तुमचा मोडलाय. मग गाडी माझी का बंद पडती?"

ते समोर काचेतून बघत राहिले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. एक गोष्ट मानली पाहिजे, माणूस खोटं बोलला नाही.

"विजूनं शब्द घेतला, वैनी. आखाड्याची माती हातात दिली आणि शपथ घातली. म्हणाला, तिला न्हाय म्हणायचं न्हाय, फक्त तिचा नाद उतरू दे. आपणहून सोडंल."

"म्हणजे पंचेचाळीस दिवस क्लच तुम्ही मारत होता?"

"व्हय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. काय काय बोलले, सगळं आठवत नाही. एवढं आठवतंय, की मी म्हटलं, "दोस्ताला दिलेला शब्द पाळला. आणि मला शिकवतो म्हणून शब्द दिला होता, त्याचं काय? तो मातीवर हात ठेवून दिला नव्हता म्हणून त्याला किंमत न्हाय व्हय? मास्तर म्हणत होते मी तुम्हाला!"

"रोज जेवण गोड लागत नव्हतं, वैनी."

"साठ माणसांचं जेवण गेलं माझ्या हातचं! तुमच्या एका ताटाचं काय सांगताय मला?"

त्या मोडक्या कानांच्या पैलवानाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दया आली नाही. डोळे पुसेपर्यंत मी थांबले आणि म्हटलं, "आता शिकवा. आत्ता. हितंच."

आणि त्यांनी शिकवलं. त्या बसच्या कोकलण्यात, प्लास्टरचा पाय दाराला टेकवून. "क्लच हळूहळू सोडा. निम्म्यावर आला की गाडी थरथरती. ती थरथर पायाला कळाय पायजे. तिथंच थांबा, आणि मग रेस द्या." पंचेचाळीस दिवसांत मला ती थरथर एकदाही लागली नव्हती. ती रोज त्यांच्या पायाला कळत होती. तिसऱ्या प्रयत्नात मला लागली. गाडी निघाली. चार दिवसांत मी शिकले. चार! शेवटच्या दिवशी मास्तर गाडीतून उतरले आणि मला हात जोडले. मी नमस्कार केला, कारण विद्या घेतली होती. "या" म्हटलं नाही.

पण घरी तर त्याच सोमवारी जायचं होतं. हे जेवत होते. आक्का भाकरी वाढत होत्या. मी चप्पल न काढताच विचारलं, "तालमीची माती कशाला लागती हो? बायकोला फसवायला?"

यांचा घास हातातच राहिला. थोडा वेळ इकडं तिकडं केलं, मग म्हणाले, "सरळ न्हाय म्हटलं असतं तर तू भांडली असतीस. मला भ्या वाटत होतं. हायवेवर कुठं धडकलीस बिडकलीस तर? आणि रोज शिरगाव, रोज गाडी... मग घराकडं कोण बघणार?"

"भांडले असते की! रडले असते, दोन दिवस जेवले नसते. पण मी मठ्ठ हाय असं तर मला वाटलं नसतं! तुम्ही पेढे वाटलेत. आइस्क्रीम भरवलंत. माझ्या आईनं तुमच्या नावानं देवाला नारळ फोडला!"

आक्कांनी हातातली भाकरी परत बुट्टीत टाकली. "विज्या, माझ्याबी डोळ्यांत धूळ फेकलीस की रं," म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

पुढं मला लायसन मिळालं. कारखान्याचे डबे काही परत मिळाले नाहीत. त्यांना नेर्लीचा एक माणूस मिळाला, वेळेत देतो म्हणतात. आमचे डबे अजून माळ्यावर पालथेच आहेत. आम्ही घरात बोलतो. मीठ दे, दार लाव, आक्कांची गोळी आणा, एवढं बोलतो. लोकांपुढं हे सांगतात, "मीच क्लास लावून दिला हिला." मी मध्ये बोलत नाही. नुसती बघते. मग हेच विषय बदलतात.

गेल्या रविवारी गडमुडशिंगीला जायचं होतं, आईकडं. ओम्नी मी काढली. आक्का मागं बसल्या, हे शेजारी. कळंब्याच्या उतारावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मी बाजू दिली. तेवढ्यात खाली खसखस ऐकू आलं. बघते तर यांचा पाय खालचं मॅट दाबतोय. पुढच्या स्पीडब्रेकरला पुन्हा. चौकात पुन्हा. घाम फुटला होता कपाळाला.

"त्या बाजूला काय न्हाय," मी म्हटलं. "ते मास्तरांच्या गाडीत असतंय."

त्यांनी पाय मागं घेतला. मग अगदी हळू, आक्कांना ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "प्रिया, चुकलं माझं. आता तरी पहिल्यासारखी बोल की."

मी क्लच दाबला, गिअर बदलला, आणि ती थरथर पायाला लागेपर्यंत थांबले.

"घ्या की अजून आठ दिवस," मी म्हटलं. "कशाला घाई?"