लेबलाखालचे कुंकू

न्यायालयात नाझर म्हणून जप्तीचा माल सांभाळण्यात हयात घालवलेल्या माणसाला एक खोड जडते: बंद वस्तू तो साक्षीदारांशिवाय उघडत नाही. नातीच्या वाढदिवसाला सावेडीतल्या एका मोठ्या दुकानातून ठोकळे जोडून किल्ला बांधण्याचा खेळ आणला, तेव्हाही खोके मी तिच्या आईवडिलांसमक्षच उघडायला लावले. हलवले की आत खुळखुळत होते, वजन हाताला योग्य लागत होते, कडेची चिकटपट्टी शाबूत होती. आत निघाले चिंचोके. धुऊन वाळवलेले, पिशवीभर चिंचोके.

नात हसली, तिला वाटले, आजोबांनी गंमत केली. माझे मात्र डोके तापले. कोणीतरी हा खेळ विकत घेतला, ठोकळे काढून घेतले, तसेच वाजणारे काहीतरी भरले आणि खोके परत करून पैसे उचलले. दुकानाने ते न उघडताच पुन्हा फळीवर मांडले. हा माझा तर्क. दुकानाचा तर्क निराळाच होता, हे दुसऱ्या दिवशी कळले.

नातीने हट्टाने सोबत येण्याचे ठरवले होते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या तरुण मॅनेजरने चिंचोके बोटाने चाळवले आणि बिल पाहिले.

"काका, असलं एक तरी गिऱ्हाईक रोज येतं. माल घरी ठेवायचा आन् खोक्यात कचरा भरून आनायचा."

"म्हणजे मी चोर?"

"मी कुठं म्हनलो? तुमीच म्हनताय."

मागे रांगेतून कोणीसा ओरडला, "चिंचोके भाजून तरी आनायचे बाबा, समद्यांनी खाल्ले असते!"

हशा पिकला. त्या हशात नातीने माझा हात सोडला. पैसे बुडते तर तक्रार-अर्ज करून मी ते वसूल केले असते. सुटलेला हात कोणत्या कलमाखाली परत मागायचा?

संतापाने कान तापले होते, तरी नजर खोक्यावर होती. दुकानाच्या किमतीच्या लेबलाची एक कड पिवळसर दिसत होती. घरच्या दिव्यात ती ध्यानात आली नव्हती. लेबलाला हात लावण्याआधी मी मॅनेजरला विचारले, "परत आलेला माल आपण पुन्हा विकता?"

"छ्या! तो कंपनीला जातो. नियमच हाय तसा."

"सर्वांना ऐकू जाईल असे सांगा."

"न्हाई विकत! झालं समाधान?"

हे तो म्हणत असताना शेजारी बिले करणाऱ्या मुलीने मान खाली घातली. मी नखाने लेबल सोलले. खाली हळदीकुंकवाची बोटे होती. घरात आलेल्या नव्या स्कूटरला, फ्रिजला लावतात तशी, कोणा बाईने अगदी मनापासून लावलेली. हे खोके माझ्याआधी एका घरी जाऊन, पुजले जाऊन आले होते.

मॅनेजर क्षणभर गडबडला आणि मग सावरला. "तुमच्याच घरी लावलं आसंल. लावलं आन् वरनं लेबल परत चिकटवलं. बिलावर आडनाव वाचलंय मी, आमच्या नेवाशाकडचंच हाय. आमच्यात नवी वस्तू पुजल्याबिगर उघडत्यात का कुठं?"

आमच्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांची आडनावे शेजारच्या शेतकऱ्यांचीच असतात. पणजोबांनी धर्म बदलला, आडनाव तेच राहिले. हे त्याला सुनावण्यासाठी मी तोंड उघडणार, इतक्यात नात म्हणाली, "आमच्याकडे कुंकू नसतंच. आम्ही चर्चला जातो."

बिले करणारी मुलगी हळूच म्हणाली, "सर, ते लेबल मीच लावलंय. डाग झाक म्हणालात तुम्ही."

"तू गप गं!"

त्यानंतर त्याचा सूर बदलला. मला कोपऱ्याकडे बोलावत तो म्हणाला, "चहा घ्या काका. नवं खोकं देतो, मिटवून टाकू."

मी जागचा हललो नाही. आरोप चारचौघांत झाला होता. तो चारचौघांतच मागे घ्यायला हवा होता. आणि माझ्यापुढे नव्हे.

"तिला सांगा," नातीकडे बोट दाखवून मी म्हणालो.

तो खाली वाकला. "बाळा, तुझे आजोबा खरं बोलत होते. चूक आमची हाय."

नातीने मान डोलावली. नवे खोके काउंटरवरच उघडून घेतले, ठोकळे होते. ग्राहक आयोगाकडे अर्ज मी तरीही केला. ज्याने चिंचोके भरले, तो अद्याप मोकळाच आहे. त्याच्या घरातल्या, कुंकू लावणाऱ्या त्या बाईला काही ठाऊक नसेल, असे मला वाटते. खात्री देत नाही.

नाताळच्या सकाळी मी केकचा डबा नातीपुढे ठेवला. तिने तो उघडण्याआधी कानाशी धरून हलवला.

"आजोबा, हा कुठून आणला?"

बेकरीचे बिल खिशातच होते. मी ते तिच्या हातात दिले. तिने ते वाचले आणि मगच डबा उघडला.