सुनेत्राचं लोहचुंबक

सुनेत्रा अंडी घेत असेल तेव्हा तिच्याबरोबर दुकानात जाऊ नये, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे. ती डबा उघडते, एकेक अंडं उचलून खालून बघते आणि मग मागचाच डबा पुढे ओढते. 'एकावर एक फुकट' लिहिलेल्या वस्तूला तर हातही लावत नाही. "फुकट कोण देतं गं? पहिल्यातच काहीतरी खोट असणार."

मूळची सांगलीची. लग्न होऊन नवऱ्याच्या व्हिसावर कापेल नावाच्या डच गावात आली, सुरुवातीची वर्षं घरात बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांवर संशय घेतला आणि मग देवाने खास तिच्यासाठी घडवलेली नोकरी तिला मिळाली. लोकांनी ऑनलाइन मागवून परत पाठवलेले कपडे तपासायचे. कुणी लग्नात मिरवून, टॅग परत लावून झगा पाठवलाय का, हे ती काखेत नाक घालून सांगते. त्या गोदामात तिचा शब्द अखेरचा. संशय घ्यायचा पगार मिळतो बाईला, अजून काय हवं!

मी रूपाली, तिची मैत्रीण. माझ्यावरही तिचा पूर्ण विश्वास आहे असं नाही.

तिचे यजमान उल्हासभावजी अगदी उलटे. मिरजेला वडिलांचं गॅरेज होतं, लहानपण गाड्यांखाली गेलं. पुढे इंजिनियर झाले, कॉम्प्युटरात शिरले आणि झुइडास या बड्या कचेऱ्यांच्या भागातल्या एका बँकेत बरीच वर्षं मान मोडून काम केलं. गेल्या वर्षी त्यांचा विभागच बंद झाला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला लगेच कोण विचारतंय? तेव्हापासून ते खिडकीशी खुर्ची घेऊन बसायचे आणि खालच्या पार्किंगमधल्या गाड्या बघायचे. जेवायला हाक मारली की यायचे, परत जाऊन बसायचे. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, म्हणाला, काहीतरी छंद लावून घ्या. सुनेत्रा चिडली. "या मेल्याकडे दोनच औषधं. पॅरासिटामॉल आणि छंद!" पण रात्रंदिवस तिच्या जिवाला घोर होता तो हाच. माणूस घरात आहे आणि घरात नाही.

आमचं घर नदीच्या पलीकडे, बांधाला लागून. शेजारी विम राहतो. आयुष्यभर बोटींवर काम केलेला, एकटा, ताठ कण्याचा म्हातारा. त्याच्या शेडमध्ये एक जुनी फोर्ड मस्टँग पडून होती, १९६९ची. निवृत्त झाल्यावर दुरुस्त करीन म्हणून घेतलेली, आणि निवृत्त होईपर्यंत त्याचे गुडघे गेले, म्हणून आता विकायला काढलेली. एका रविवारी सुनेत्रा आणि भावजी माझ्याकडे जेवायला आले असताना विमने कुंपणावरून भावजींना शेडमध्ये बोलावलं. वरण निवलं, तरी माणूस परत येईना. जाऊन बघते तर काय, इस्त्रीच्या शर्टात भावजी गाडीखाली आडवे! नुसते पाय बाहेर. आणि खालून डचमध्ये अखंड बडबड चाललेली. नंतर ताटावर बसले ते त्या इंजिनाबद्दलच बोलत राहिले. आमटी दोनदा मागून घेतली. शर्टाच्या पाठीवर हा एवढा काळा डाग, आणि सुनेत्रा त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

मला मात्र स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "रूपाली, खरं सांग. यात तुला काय मिळणार आहे?"

"तुझं डोकं फिरलंय का?" मी डाव आपटला. "माझ्या शेजाऱ्याची गाडी आहे, एवढाच माझा गुन्हा!"

"मग किंमत का सांगत नाही तो? यांनी विचारलं तर म्हणतो, तुम्हीच नीट बघा आणि मला सांगा. डच माणूस आणि किंमत सांगत नाही? कुठेतरी पाणी मुरतंय."

पुढच्या शनिवारी पाहणी ठरली. मी दोघांना न्यायला गेले. भावजी बूट घालत होते तेव्हा सुनेत्रा माझ्या कानाशी लागली. "गाडी घ्यायचीच आहे गं मला. त्या दिवशी ते हसले, बघितलंस ना? पण घ्यायची आहे हे त्या म्हाताऱ्याला कळता कामा नये. आणि यांना तर मुळीच सांगू नकोस. यांचा चेहरा काचेचा, आतलं सगळं बाहेर दिसतं." मग पर्समधून तिने फ्रीजवरचं लोहचुंबक काढून दाखवलं, महाबळेश्वरहून आणलेलं, स्ट्रॉबेरीच्या आकाराचं. पत्रा सडला की लोक त्यावर पुट्टी भरून रंग मारतात आणि पुट्टीवर चुंबक चिकटत नाही, हे तिने कुठल्याशा व्हिडिओत बघून ठेवलं होतं.

विमने कॉफी दिली. डबा उघडून एकेक बिस्किट दिलं. इथल्या रिवाजाप्रमाणे डबा बंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. विमने डबा परत पुढे केला आणि म्हणाला, "अजून एक घ्या."

सुनेत्राने माझ्या पायावर पाय दिला. "बघितलंस? दुसरं बिस्किट! आता तर माझी खात्रीच पटली."

शेडमध्ये गेल्यावर भावजींनी बॉनेट उघडलं आणि त्यांचे डोळे असे लकाकले की सुनेत्राने घाईघाईने त्यांच्यापुढे जाऊन उभं राहून तो चेहरा झाकला. मग तिने चुंबक हातात घेतलं आणि सुरू झाली. दारावर टक्, चिकटलं. छपरावर टक्. मागच्या चाकाच्या वर लावलं आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घरंगळून जमिनीवर पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. सुनेत्राच्या तोंडावर असं समाधान पसरलं की विचारू नका. मग तिने आतला गालिचा उचलला, खाली हात घातला, ओला निघाला. नाक घालून हुंगलं. गोदामात झगे हुंगते तसंच.

आणि मग तिने तोंड सोडलं. सांगलीच्या बाजारात वांग्यांना नावं ठेवावीत तशी ती त्या गाडीला नावं ठेवायला लागली, मोडक्यातोडक्या डचमध्ये, पण न अडखळता. हा पत्रा नाही, पुट्टी आहे. खालून पाणी शिरलंय. वरून रंग आहे म्हणून बरी दिसते, आत सगळं पोकळ. इतकी वर्षं नुसती बसून राहिली, बसून बसून सडली. आता हिच्यात जीव ओतून काय उपयोग? कोण घेणार हिला?

आपल्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. बाई एवढी नावं ठेवतेय म्हणजे बाईला वस्तू हवी आहे. विकणारा म्हणतो, अहो ताई, असं काय करता, आणि मग खरं बोलणं सुरू होतं.

विम मात्र हात मागे बांधून शांतपणे सगळं ऐकत होता. मधून मधून मान हलवत होता. ती थांबली तेव्हा त्याने पुढे होऊन तिच्याशी हस्तांदोलन केलं.

"थँक यू," तो म्हणाला. "येतात ते सगळे सुंदर आहे, सुंदर आहे म्हणतात आणि निघून जातात. मला एका प्रामाणिक माणसाचं मत हवं होतं. दुरुस्त करण्यात अर्थ नसेल तर नाही. सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो."

सुनेत्राचं तोंड उघडंच राहिलं. पण ही बाई हार मानते का? मला म्हणाली, "नाटक आहे. चल, निघू या. फाटकापर्यंत जाऊ दे, हाक मारतो की नाही बघ." आम्ही निघालो. ती इतकी हळू चालत होती की मला ठेच लागायची वेळ आली. मध्येच थांबून तिने चपलेचा पट्टा सारखा केला. फाटकाशी वळून बघितलं. विमने छान हसून हात हलवला, आत गेला आणि दार लावून घेतलं. मी आयुष्यात इतकं बंद झालेलं दार बघितलं नाही!

आली का पंचाईत? दोघांना घरी सोडताना मी गाडीत तिला म्हणणारच होते की आत्ताच्या आत्ता मागे फिर. पण पुढच्या सीटवर भावजी होते, आणि काही सांगायचं नाही अशी मला तंबी होती. ते घरी जाईपर्यंत काचेबाहेरच्या गाड्या बघत बसले.

रविवारी मी तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन त्यांच्याकडे गेले. सुनेत्रा फोन समोर ठेवून बसली होती. "येईल फोन. भाव खातोय म्हातारा." भावजी खिडकीशी. मी जवळ जाऊन म्हटलं, "फार वाईट वाटून घेऊ नका, भावजी. दुसरी मिळेल."

"नाही हो," ते म्हणाले. "सुनेत्राचं नाक कधी चुकत नाही. वरून रंग, आत पुट्टी. बसून बसून सडलेल्यात कोणी कशाला जीव ओतायचा?"

"गाडीबद्दलच बोलताय ना?"

"हो, गाडीबद्दलच," ते म्हणाले आणि पार्किंगकडे बघत राहिले.

घरी येऊन रात्रभर मी कूस बदलत होते. दुसऱ्याच्या संसारात किती नाक खुपसायचं? सकाळी घरूनच काम करत होते, तर बांधावरून घरघर ऐकू आली. बघते तर विमच्या दारात भंगारवाल्याचा ट्रक. मग मात्र माझं टाळकं सटकलं. सुनेत्राला फोन लावला.

"ऐक," मी ओरडले. "ट्रक आलाय! नाटकबिटक काही नव्हतं. तू भंगार म्हणालीस, त्याने भंगार ऐकलं. आणि एकट्या त्यानेच नाही ऐकलं. तुझ्या नवऱ्यानेही ऐकलंय. वरून रंग, आत पोकळ, कोण घेणार, हे सगळं त्या माणसाने स्वतःला लावून घेतलंय. तुझं ते नाक घाल चुलीत आणि त्यांना घेऊन इकडे ये!"

फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तिची हाक. "अहो, उठा. उठा म्हणते ना! चपला घाला."

इकडे मी धावत विमकडे गेले आणि ट्रकवाल्याला कॉफी पाजत बसले. दोघं पोचले तेव्हा गाडीला साखळी लावून झाली होती. सुनेत्रा तडक त्या साखळीपुढे जाऊन उभी राहिली. ओढणी एका बाजूला लोंबतेय, पायात दोन वेगळ्या चपला.

विम गोंधळला. "पण तुम्हीच सांगितलं की अर्थ नाही. खोटं बोललात?"

"नाही," सुनेत्रा म्हणाली. "पुट्टी आहे. पाणी शिरलंय. वास येतो. सगळं खरं आहे."

"मग?"

वस्तू चांगली आहे असं विकणाऱ्याच्या तोंडावर म्हणायची वेळ तिच्यावर जन्मात आली नव्हती. विम वाट बघत राहिला. शेवटी तो म्हणाला, "सुनेत्रा, साधा प्रश्न आहे. दुरुस्त करण्यासारखी आहे की नाही? हो की नाही?"

"हो," सुनेत्रा म्हणाली. मग भावजींकडे वळली आणि मराठीत भडाभडा बोलायला लागली. "हो म्हणजे हो! मला पहिल्या दिवसापासून हवी होती. नावं ठेवली ती भाव पाडायला, कळलं? सडलेली असली तर सडलेली. पोकळ तर पोकळ. मला हीच पाहिजे. कोण घेणार काय, मी घेणार! आणि तुम्ही माझं बोलणं असं लावून घेता? इतकी वर्षं बाजाराला बरोबर येताय माझ्या, वांग्यांना काय काय बोलते ते ऐकलं नाहीत? पण घरी आणलीच ना सगळी?" आणि ती रडायला लागली, भर रस्त्यात, ट्रकवाल्यासमोर.

भावजींना हसू आलं. "मला वांग्यात काढलंस?" ते म्हणाले आणि वाकून स्वतःच्या हाताने साखळीचा आकडा सोडवायला लागले. ट्रकवाला शिव्या देत निघून गेला, ते साहजिकच होतं.

विमने सगळ्यांना आत बोलावलं आणि डबा पुढे केला. डोळे पुसता पुसता सुनेत्राने त्याला विचारलंच, "त्या दिवशी दुसरं बिस्किट का दिलंस?"

"तारीख संपत आली होती," विम म्हणाला.

"बघ!" ती मला म्हणाली. "मला वाटलंच होतं."

खिडकीतून शेडचं दार दिसत होतं. भावजी कॉफी तशीच टाकून कधीच तिकडे गेले होते. सुनेत्रा उठली, पर्समधून स्ट्रॉबेरी काढली आणि त्यांच्या मागे गेली. मी दारातून बघितलं. भावजी मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. तिने चुंबक त्यांच्या हातात दिलं आणि स्वतः शेजारी फरशीवर बसली.

"कुठून कुठपर्यंत सडलंय ते नीट बघा," ती म्हणाली. "तेवढंच कापायचं. जास्त नाही."