बाटलीभर समुद्र

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, कुणालाही हसायचं नाही. ह्यांची हायस्कुलातली सायन्स मास्तरकी चार वर्षं कच्चीच होती. ती पक्की व्हावी म्हणून देवाला बोलले होते. पण बायांनो, न हसलेल्या गोष्टी विरून जात नाहीत हो, पोटात साठत राहतात! त्यातून दिवाळीच्या सुट्टीत ह्यांनी शाळेचं सूक्ष्मदर्शक यंत्र घरी आणलं. मग काय विचारता!

* * *

भाऊबीजेला माझा भाऊ मुंबईहून आला. मी ओवाळलं, त्यानं तबकात बाटली ठेवली. समुद्राच्या पाण्याची! ह्यांनीच पत्र घालून मागवलेली.

"ताई, लुगडं पुढच्या वर्षी," भाऊ म्हणाला. "यंदा मेव्हण्यांसाठी जिवंत जनावरं आणलीत."

गाडीत तो बाटली मांडीवर धरून बसलेला. कुर्डुवाडीला एक म्हातारी गंगाजळ समजून पाया पडली, तीर्थासाठी ओंजळ पुढं करून बसली. घोटभर प्याली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "लई खारट हाय की! गंगामाई आजारी हाय काय रं?"

* * *

शाळेच्या कमिटीतले वकीलसाहेब ओसरीवर पहिले हजर. सोबत वकीलीणबाई, त्या आत माजघरात, आम्हा बायकांत. "यंत्र नाजूक आहे, बायकांचं काम नव्हे," असं साहेबांनी आल्या आल्याच सांगून टाकलं.

ह्यांनी काचेवर थेंब ठेवला. साहेबांनी भिंगाला डोळा लावला आणि ओरडले, "अबब! केवढे काळे पाय! पंधरा-वीस तरी असतील!"

ती त्यांची स्वतःचीच पापणी होती. पण मास्तरकी ज्यांच्या हातात, त्यांना हे कसं सांगायचं?

हे म्हणाले, "होय साहेब. दुर्मिळ नग आहे."

* * *

दुसऱ्या दिवशी ह्यांनी नीट समजावून सांगितलं. ह्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. काही झाडांसारखे नुसत्या उन्हावर जगतात, काचेच्या डब्यांसारखे दिसतात. काही शेपटी हलवत गरगर फिरतात आणि त्या गरिबांना गिळतात.

वकीलीणबाई आतून म्हणाल्या, "अगदी कमिटी हो!"

मी पदराचा बोळा तोंडात धरला.

* * *

शेजारच्या शिवव्वाला वेगळीच काळजी. "अय्यो शिवने! मीठ समुद्राचंच करत्यात न्हवं? मग ही जनावरं आमच्या आमटीत येत्यात की ओ!"

ओसरीवर साहेबांनी ते ऐकलं आणि पांढरेफटक पडले. तिथल्या तिथं जाहीर केलं, "आजपासून मीठ वर्ज्य!" साऱ्या नवी पेठेत बोलबाला झाला.

चौथ्या दिवशी मी वकीलीणबाईंना विचारलं, "अळणी जेवण जातं का हो त्यांना?"

"मीठ सोडलंय, वहिनी," त्या म्हणाल्या. "पापड आणि लोणचं नाही सोडलं."

* * *

आणि मग ती ढगाळ संध्याकाळ. यंत्राच्या आरशाला ऊन मिळेना. साहेबांनी डोळा लावला, तर सगळा काळोख.

"काही नाही यात! सगळं थोतांड!" ते कडाडले. "मास्तर, सोमवारी कमिटीची मीटिंग आहे. पोरांना रिकामं पाणी दाखवणारा मास्तर आम्हाला नको, हे मी तिथं सांगणार!"

ह्यांचा चेहरा उतरला. मला ते बघवलं नाही. मी बाटली उचलली आणि आत आले.

माजघरात दिवा लागायचा होता. दार लोटलेलं. अंधारात शिवव्वाचं कोपर लागलं, बाटली हिंदकळली, आणि पाण्यात निळा उजेड उसळला! आधी ठिणग्या, मग सगळं पाणीच. शिवव्वा मटकन खाली बसली. वकीलीणबाईंनी बाटली माझ्या हातून घेतली, हलवली. पुन्हा उजेड! हलवलं की ते न दिसणारे जीवच चमकत होते.

त्यांनी हाक मारली, "अहो, ऐकलंत का? आत या. पगडी काढून या, दार ठेंगणं आहे."

साहेब आले. मागोमाग हे. बाईंनी दार लावून घेतलं आणि बाटली हलवली. साहेबांचा आ वासलेला चेहरा निळाशार दिसला, मग विझला.

"सोमवारी कमिटीत काय सांगणार, ते आधी इथं सांगा," बाई म्हणाल्या. "तोवर मी दार उघडत नाही."

त्यांनी दाराला पाठ लावली. मग अंधारातून अगदी बारीक आवाज आला, "मास्तरकी पक्की."

बायांनो, तुमच्याकडे समुद्राकाठून कुणी येणार असेल, तर एक बाटली मागवाच. फक्त एवढं करा: ती आधी माजघरात न्या. ओसरीवर मागाहून.