बाबांची फाइल आणि नवी डिस्क

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली गोष्ट. मी तेलीबांधा भागात एका ऑफिसात टायपिंगचं काम करायची. घरी एक जुना कॉम्प्युटर आणला होता, पण तो बाबांनीच ताब्यात घेतला. रेल्वेतून रिटायर झालेले बाबा रोज दुपारी दोन बोटांनी काहीतरी टाइप करत बसायचे. कोणी जवळ गेलं की फाइल बंद.

त्या उन्हाळ्यात हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला. सदर बाजारातल्या दुकानदाराने जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवून दिलं आणि बजावलं की जुनीचा आता भरवसा नाही. रविवारी सकाळी मी नवी डिस्क बसवून बटण दाबलं. पंखा फिरला, आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही.

केबल काढून पुन्हा लावली. तीच ओळ. म्हणून जुनी डिस्क जोडून पाहिली, तर आता तिची टकटकही बंद झालेली. बाबा मागे खुर्चीवर बसले होते. कूलर सुरू असूनही त्यांची बनियन घामाने चिकटली होती.

"मले एवढंच सांग," ते म्हणाले, "लिहिलेलं राहिलं का गेलं?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काहून एवढं जिवाले लावून घेऊन राहिले? गेलं तर पुन्हा लिहा."

"पुन्हा लिहाले वेळ पाहिजे," बाबा कोणाकडेच न बघता म्हणाले. आई पोळ्या लाटत राहिली. माझे हात मात्र थांबले.

मी दुकानदाराला फोन केला. त्याने सांगितलं, दीदी, कॉपी करताना ही डिस्क दुसऱ्या नंबरवर लावली होती. मागच्या पिनांवर प्लास्टिकची बारीक टोपी असेल, ती सरकवून हिला पहिल्या नंबरवर आणा. चिमट्याने टोपी सरकवली. आता मशीनला डिस्क दिसली, पण ओळ तीच. शेवटी ऑफिसातून आणून ठेवलेली, मशीन सुरू करायची फ्लॉपी घालून पाहिलं, तर फाइली सगळ्या जागेवर होत्या. फक्त डिस्कच्या कोणत्या भागातून सुरू व्हायचं, ती खूण कॉपीत आलीच नव्हती. ती खूण केली. या वेळी कॉम्प्युटर सुरू झाला.

सगळं नीट आलं का बघायला मी समोरचीच फाइल उघडली. नाव होतं 'माझ्यानंतर'. पहिल्या ओळी अशा: डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं आहे. मी नको म्हटलं. घरी कोणाला माहीत नाही. खाली लिहिलं होतं, कोणाला आधी फोन करायचा, कोणते कागद कुठे आहेत, आईला पहिले काही महिने एकटं ठेवू नये.

बाबा उठून माझ्या मागे उभे होते. त्यांनी फाइल बंद करायला सांगितलं नाही. हळूच म्हणाले, "आईले सांगू नको."

मी 'हव' म्हणत मान हलवली. संध्याकाळी ते फिरायला गेल्यावर आईला सगळं सांगितलं. ते परत आले तेव्हा तिने फक्त विचारलं, "तारीख कवाची घेऊ?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, ऑपरेशनला आत नेतानाही.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर पहिल्या दुपारी त्यांनी मला कॉम्प्युटर लावून द्यायला सांगितलं. मी लावून दिला आणि बाहेरच्या खोलीत बसले. आत दोन बोटं पुन्हा चालू लागली होती.